दोनशे चोपन्नावा मजला

आत्यानं पेन्सिलीच्या मागच्या टोकानं तळघर दोनचं बटण दाबलं आणि लिफ्ट वर निघाली.

"आत्या, वर चाललीये."

"कळतंय मला. एकोणीस वर्षं लिफ्टमध्ये काढलीत. खाली जाताना पोट वेगळं बोलतं."

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. आत्या, रंगाची रिकामी बादली पालथी घालून त्यावर लॅपटॉप ठेवून उकिडवी बसलेली. मी, तोंडात स्क्रू ड्रायव्हर आणि हातात बटणांच्या पॅनेलचं झाकण. आणि बिल्डिंगचे वॉचमन काका. काकांचं लिफ्टमध्ये काही काम नव्हतं, पण जुनी लिफ्ट काढून नवी बसवायला आम्हाला पाच आठवडे लागले होते आणि तेवढे दिवस जिने चढून त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. पहिली फेरी आपलीच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

दाराच्या वर लाल ठिपक्यांची पट्टी असते, त्यात मजल्याचा आकडा येतो. तिथं आलं, २५४.

काकांनी मान वर करून वाचलं. परत वाचलं. "बाई, आमची बिल्डिंग सात मजल्यांची आहे हो."

"सातच आहे," आत्या म्हणाली. "बाकीचे बांधायला घेतलेत."

लिफ्ट पहिल्यावरून गेली, चौथ्यावरून गेली, सातव्यावरून पण गेली, आणि वीतभर वर जाऊन खट्टकन थांबली. दार बंद. काकांचा चेहरा उतरला.

"आता?"

"आता काही नाही," मी स्क्रू ड्रायव्हर तोंडातून काढून म्हटलं. "वरच्या टोकाला एक स्विच असतो. त्याला प्रोग्रॅमबिग्रॅम काही कळत नाही, फक्त धक्का कळतो. धक्का लागला की थांबायचं. एवढंच येतं त्याला, पण ते तो चुकत नाही."

पॅनेलमधली सर्व्हिसची चावी फिरवली आणि मुंगीच्या चालीनं आम्हाला खाली आणलं. काका पाचव्यावरच उतरले. "मी जिन्यानं जातो, गुडघ्यांना व्यायाम हवाच," म्हणाले, आणि पुढच्या दहा मिनिटांत अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले की नवी लिफ्ट दोनशे चोपन्नाव्या मजल्यावर जाते.

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मंगळवार होता तो. गुरुवारी सकाळी दहा वाजता लिफ्टची सरकारी तपासणी होती. आणि मालकांनी आत्याला सरळ सांगितलं होतं, "बाई, ही लिफ्ट तुमच्या हातची. तपासणीत पास झाली तर तुम्ही प्रोग्रॅमिंगच्या टेबलावर कायम. नाही झाली तर परत तक्रारींच्या फोनवर बसायचं." मालक वाईट माणूस नाहीत. पण बोलले की बोलले.

आता आत्याचं सांगते, म्हणजे त्या टेबलाची किंमत कळेल.

आत्या लिफ्टवाली होती. प्रोग्रॅमवाली नाही, बसून चालवणारी. बारा मजल्यांच्या एका ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये, लाकडी स्टुलावर, एका हातात पितळेची मूठ आणि दुसऱ्या हातात विणकाम. कोण कितव्या मजल्यावर जाणार हे ती बुटांच्या आवाजावरून सांगायची. नवव्या मजल्यावरचे साहेब चिडलेले असले की ती लिफ्ट मुद्दाम हळू न्यायची, म्हणजे वर पोचेपर्यंत त्यांचा पारा उतरलेला असायचा. नवव्या मजल्यावरच्या लोकांना हे कधीच कळलं नाही, पण त्यांचे दिवस त्यामुळे बरे जायचे.

मग तिथं बटणांची लिफ्ट आली. आत्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सांगितलं, या आता.

ती रडलीबिडली नाही. जिथून ती बटणांची लिफ्ट आली होती त्या वर्कशॉपचा पत्ता शोधला आणि तिथं जाऊन म्हणाली, "तुमच्यामुळे माझं काम गेलं, तर काम पण तुम्हीच द्या." मालकांना हसू फुटलं. तक्रारींच्या फोनवर बसवलं. चार वर्षं तिनं फोन घेतले. लिफ्ट अडकली, दार उघडत नाही, तिसऱ्यावर उगाच थांबते. लिहून घ्यायचं आणि फिटरला पाठवायचं, एवढंच काम. पण हिला झोप लागेना. का थांबते तिसऱ्यावर? कोणी सांगतं तिला थांबायला?

मी तिच्याकडेच राहते. नववीत शाळा सोडली मी. बाकावर बसून माझ्या पायांना मुंग्या यायच्या आणि बाईंच्या बोलण्यानं डोक्याला. घरात सगळे कपाळाला हात लावून बसले होते, तेव्हा आत्या म्हणाली, "पाठवा माझ्याकडे. हिला उभं राहायचं काम पाहिजे." तिनंच मला वर्कशॉपमध्ये फिटरच्या हाताखाली लावलं. आज शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत, माझ्याइतकं भराभर चढणारं वर्कशॉपमध्ये कोणी नाही. हे मी सांगत नाही, बाकीचे सांगतात. तर आत्याबद्दल कोणी वाकडं बोललं की मी ऐकून घेत नाही. ही माझी सवय आहे आणि ती सोडायचा माझा विचार नाही.

वर्कशॉपमधला प्रोग्रॅमर म्हणजे दाढीवाला. वय तिशीच्या आत, दाढी साठीची. बोलायला पैसे पडतात असं वाटावं इतका गप्प. लिफ्टचा सगळा प्रोग्रॅम त्याचा. आत्या रोज दुपारी त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायला लागली. पहिले दोन महिने त्यानं बहुतेक सहन केलं. मग शिकवायला लागला.

तो ज्या भाषेत लिहितो ती भाषा भारी खवट आहे. जरा काही सैल दिसलं की कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम तपासून मशीनच्या भाषेत नेणारा, लाल ओळी काढतो आणि पुढेच जाऊ देत नाही. बाकीचे त्याला शिव्या देतात. आत्याला तो पहिल्या दिवसापासून आवडला. म्हणाली, "ह्याचं बरोबर आहे. आत घेण्याआधी विचारतो, कोण, कुठे, कशाला. मी पण तेच करायचे."

घरी जेवणाच्या टेबलावर तिनं मला हे समजावलंय, वहीत डबे काढून. आकडा म्हणजे पाणी नाही की कुठल्याही भांड्यात ओतावं. प्रत्येक आकड्याचा एक प्रकार असतो. एका डब्यात शून्य ते दोनशे पंचावन्न मावतं, उणं काही नाही. तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या डब्यात उणे एकशे अठ्ठावीस ते अधिक एकशे सत्तावीस. एका प्रकारचा आकडा दुसऱ्या प्रकारात न्यायचा असेल तर ही भाषा तीन रस्ते देते. एक फ्रॉम. हा फक्त तिथंच चालतो जिथं आकडा हमखास मावणार आहे. लहान डब्यातून मोठ्यात, प्रश्नच नाही. दुसरा ट्राय फ्रॉम. म्हणजे प्रयत्न करून बघ, आणि नाही मावला तर मला येऊन सांग. पण मग नाही मावला तर काय करायचं, हे तुम्हाला तिथंच लिहून ठेवावं लागतं, नाहीतर कंपायलर मानगूट सोडत नाही.

आणि तिसरा अ‍ॅज. दोनच अक्षरं. म्हणजे कोंब. मावो न मावो, प्रश्न विचारू नकोस, कोंब. कोंबताना आवाज होत नाही, लाल ओळ येत नाही, काही नाही. आकडा बदलून जातो आणि कुणाला पत्ता नसतो. मोपेडच्या किलोमीटरच्या मीटरसारखं. शून्यावरून एक मागे फिरवा, सगळे नऊ दिसतात. उणे एक कोंबला की होतो दोनशे पंचावन्न. उणे दोन कोंबला की दोनशे चोपन्न.

तळघर दोन म्हणजे उणे दोन.

आमच्या लिफ्टला वाटलं, दोनशे चोपन्नाव्या मजल्यावर बोलावलंय. बिचारी निघाली.

"म्हणजे कोणीतरी अ‍ॅज लिहिलंय," मी मंगळवारी लिफ्टमध्येच म्हटलं.

"लिहिलंय," आत्या म्हणाली. लॅपटॉपमध्ये डोकं.

"पण तू तर अ‍ॅज वापरू देत नाहीस कुणाला."

"हं."

"मग कोणी लिहिलं?"

"ठिणगे," आत्या मला ठिणगी म्हणते, "लॅपटॉपची बॅटरी जाईल आता. वर्कशॉपमधून चार्जर घेऊन ये. आणि पाणी पी येताना, लाल झालीयेस."

मी पाणी प्यायले नाही. मोपेड काढली आणि पूर्ण रस्ताभर हिशोब केला. प्रोग्रॅम कोणाचा? दाढीवाल्याचा. जुन्या ओळी कोणाच्या? दाढीवाल्याच्या. भोगणार कोण? माझी आत्या. बारा वाजता वर्कशॉपमध्ये शिरले ते थेट त्याच्या टेबलापाशी.

"काय रे ए दाढ्या, लाज वाटते का?"

सोल्डरिंग करणाऱ्या तिघांनी हात थांबवले. फुकटचा तमाशा कोण सोडतो.

दाढीवाल्यानं कीबोर्डवरचे हात काढले.

"दुसऱ्यांना शिकवतोस कोंबू नका म्हणून, आणि स्वतः कोंबून ठेवतोस? तिची नोकरी टांगलीये त्या लिफ्टला. गुरुवारी काय दोनशे चोपन्नावा मजला दाखवायचा का तपासनिसाला? दुर्बीण घेऊन यायला सांगू त्यांना?"

"हं," तो म्हणाला.

"हं काय?"

"बघतो."

"काय बघतोस? आरशात बघ आधी. त्या दाढीत काही पडलं असेल तर सापडेल, अक्कल वगैरे."

सोल्डरिंगवाला एक जण फिसकन हसला. दाढीवाल्याचे कान लाल झाले. पण तो एक शब्द उलटा बोलला नाही. चार्जर काढला, पिशवीत घातला, स्वतःचा लॅपटॉप पण घातला.

"मावशी काय करतायत?" आत्याला तो मावशी म्हणतो.

"लिफ्टमध्ये बसून तुझी घाण उपसतेय."

"मी पण येतो," म्हणाला, आणि हेल्मेट घालून माझ्या मोपेडवर मागे येऊन बसला. आता ज्याला एवढं झापलं त्यालाच डबलसीट नेताना कसं वाटतं विचारा. रस्त्यात एक खड्डा मी मुद्दाम चुकवला नाही.

बुधवारी सकाळपासून ते दोघं सातव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये दोन बादल्यांवर दोन लॅपटॉप मांडून बसले. आत्यानं पहिलं काम काय केलं असेल? ती चुकीची ओळ दुरुस्त केली? नाही. तिनं कंपायलरला सांगितलं की आजपासून अख्ख्या प्रोग्रॅममध्ये अ‍ॅज दिसला की तो चूक धर, पुढे जाऊ देऊ नकोस. धडाधड लाल ओळी आल्या. अकरा.

"मावशी, दहा निरुपद्रवी आहेत," दाढीवाला म्हणाला. "उद्या तपासणी आहे. एक बदलू, बाकीचं नंतर."

"कालपर्यंत ही अकरावी पण निरुपद्रवीच होती."

त्यानं आपला लॅपटॉप पुढे ओढला.

आणि खरंच होती. वर्कशॉपमध्ये टेस्ट करायची एक फळी आहे, तिला सहा बटणं, तळमजला ते पाचवा. तिच्यावर तळघर नाहीच. आमच्या जवळजवळ सगळ्या लिफ्ट तळमजल्यापासून सुरू होतात. उणा मजला कधी कुणी दाबलाच नव्हता.

मी मधेच शाफ्टमधून बाहेर आले, हाताला ग्रीस, डोक्यावर धूळ. त्यांचं चाललं होतं, मजल्याचा आकडा उणा ठेवायचा की उणा ठेवायचाच नाही. मला राहवलं नाही.

"तुम्ही डोकं कशाला शिणवताय? आम्हाला उणं लागतच नाही."

"म्हणजे?"

"आम्ही फिटर लोक शाफ्टच्या भिंतीवर खडूनं आकडे टाकतो ना. एकदम तळाला शून्य. मग एक, दोन, तीन, वरपर्यंत. शाफ्टला काय माहीत कुठलं तळघर आणि कुठला तळमजला. तुमचा तळमजला आमचा दोन आहे."

आत्यानं पेन्सिल खाली ठेवली. दाढीवाल्याकडे बघितलं. त्यानं तिच्याकडे बघितलं. मला वाटलं काहीतरी मूर्खासारखं बोलले मी.

"दोन वेगळे आकडे आहेत हे," आत्या हळूच म्हणाली. "माणूस दाबतो तो एक. लिफ्ट जाते तो दुसरा. आणि आपण दोघांना एकच समजून चाललोय."

झालं. त्यांनी दोन प्रकार केले. बटणमजला आणि शाफ्टमजला. दोन्हींच्या पोटात साधा आकडाच, पण कंपायलरला सांगून ठेवलं की हे दोन वेगळे, एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. बटणमजल्यावरून शाफ्टमजल्यावर जायचं तर एकाच दारातून, आणि ते दार ट्राय फ्रॉमचं. तिथं बिल्डिंगची यादी तपासायची. उणे दोन आला, यादीत आहे, शून्यावर जा. दोनशे चोपन्न आला, यादीत नाही, बस खाली, तुला कोणी बोलावलं?

दाढीवाला त्या दिवशी माझ्याकडे बघून हसला. दात आहेत त्याला.

पुढे गाडी अडली ती वेगळ्याच ठिकाणी. लिफ्ट कुठं आहे हे सांगणारा एक सेन्सर असतो. त्याचा आकडा पण प्रकार बदलूनच आत येतो. तिथं पण अ‍ॅज होता, आता ट्राय फ्रॉम आला. आणि ट्राय फ्रॉमचा प्रश्न ठरलेला असतो, नाही मावला तर काय?

"तर थांबवायची," दाढीवाला म्हणाला. "जागच्या जागी. सगळ्यात सुरक्षित."

"कुठं थांबवायची? दोन मजल्यांच्या मधे?"

"हो. मग फिटर येईल."

"कधी येईल?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "रस्ता मोकळा असेल तर चाळीस मिनिटं."

आत्यानं चष्मा काढला. "ऐक. माझ्या लिफ्टमध्ये एकदा पंचवीस मिनिटं अडकलो होतो आम्ही. मी, दोन कारकून, आणि एक माणूस माशांची काचेची पेटी घेऊन. बंद डब्यात माणूस पहिली पाच मिनिटं विनोद करतो. पुढची पाच मिनिटं घड्याळ बघतो. त्यानंतर कोण काय करेल सांगता येत नाही. तो पेटीवाला माशांची समजूत काढत होता. एक कारकून दार लाथांनी तोडायला निघाला होता, आणि दाराच्या पलीकडे भिंत होती. तुझी सुरक्षित जागा ती यंत्राची. आतल्या माणसाची नाही."

"मग काय लिहू?"

"मी काय केलं असतं ते लिही. मला कळेनासं झालं की लिफ्ट कुठं आहे, तर मी मूठ हलकी करायचे, जवळचा मजला हाताला लागेपर्यंत हळू न्यायचे, दार उघडायचे, आणि सांगायचे, मंडळी, इथंच उतरा."

दाढीवाल्यानं विचार केला. प्रत्येक मजल्यावर भिंतीला एक लोहचुंबक असतो आणि तो ओळखणारा स्विच वेगळा असतो, त्या सेन्सरशी संबंध नसलेला. म्हणजे हे जमण्यासारखं होतं. तो लिहायला लागला. आत्या शेजारून सांगत होती, "अजून हळू. अरे, म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. अजून." संध्याकाळी सहापर्यंत अकराच्या अकरा लाल ओळी गेल्या. वॉचमन काकांना बोलावलं, पहिली फेरी घ्या म्हटलं. ते म्हणाले, आधी तुम्ही जाऊन या.

गुरुवारी तपासनीस आला. बारीक माणूस, हातात कागदांची पाटी, चेहऱ्यावर काही नाही. मालक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि दर दोन मिनिटांनी कॉलर नीट करत होते. आत्या तिच्या नेहमीच्या साडीत, पदर खोचून, केबिनच्या कोपऱ्यात उभी. तिथं तिला बघून मला वाटलं, हिला फक्त स्टूल तेवढं हवं.

तपासनिसानं सगळे मजले घेतले. वजनं ठेवून बघितली. दारात छत्री घालून बघितली, दार परत उघडलं. मग तळघर एक. गेली. तळघर दोन. लिफ्ट खाली गेली, पट्टीवर आलं, -२. दार उघडलं. समोर धुलाईची मशिनं आणि एक बाई चादरींची घडी घालत. "अरे वा, आली का लिफ्ट!" ती म्हणाली. तिला मिठी मारावीशी वाटली मला.

वर आल्यावर तपासनीस मला म्हणाला, "ती जागा सांगणारी वायर चालत्या लिफ्टमध्ये काढता येते का?"

"येते."

"तिसऱ्या-चौथ्याच्या मधे काढा."

मालकांचा हात कॉलरवरच थांबला. मी आत्याकडे बघितलं. तिनं मान हलवली. लिफ्ट निघाली, तिसरा गेला, मी वायर उपटली.

लिफ्टला एक उचकी लागली. मग ती हळू झाली. इतकी हळू की चालतीये की नाही ते भिंतीकडे बघून ठरवावं. सरकत सरकत चौथ्यावर आली, फरशीला फरशी लावून थांबली, दार उघडलं. पट्टीवर अक्षरं फिरायला लागली, इथंच उतरा.

तपासनीस उतरला, मागोमाग आम्ही सगळे. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "हे कोणी सुचवलं? बहुतेक जण मधेच थांबवतात."

"मी," आत्या म्हणाली.

त्यानं लिहून घेतलं. मग पाटीवरून मान न उचलता म्हणाला, "मंगळवारी इथं दोनशे चोपन्नावा मजला दिसला म्हणे."

वॉचमन काका एकदम जिन्याकडे बघायला लागले. मालकांनी मान फिरवली ती दाढीवाल्याकडे. साहजिक होतं, प्रोग्रॅम त्याचा. दाढीवाल्यानं तोंड उघडलं. त्याच्या आधी माझं उघडलं होतं.

"साहेब, ते ह्या..."

"ती ओळ माझी," आत्या म्हणाली.

माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

"मी शिकायला लागले तेव्हाची. माझी पहिलीच ओळ, जी खऱ्या लिफ्टमध्ये गेली. बटणाचा आकडा पुढं पाठवायचा होता. कंपायलर अडवत होता, प्रकार जुळत नाही म्हणत होता. मला घाई. मी अ‍ॅज लिहून त्याचं तोंड बंद केलं. मजला उणा असू शकतो हे मला सुचलंच नाही. माझ्या लिफ्टला एकोणीस वर्षं तळघर नव्हतं."

चौथ्या मजल्यावरचं कुणाचं तरी दार किलकिलं झालं आणि परत लागलं.

"अशा अजून किती होत्या?" तपासनिसानं विचारलं.

"अकरा, ही धरून. आता एकही नाही. आणि उद्या कोणी लिहिली तर कंपायलर अडवेल, तशी कडी घातलीये."

"आणि बाकीच्या बिल्डिंगी?"

आत्यानं कमरेला खोचलेली चिठ्ठी काढली. चार वर्षं तक्रारींच्या फोनवर बसलेली बाई, तिला सगळ्या बिल्डिंगी तोंडपाठ. "तळघरवाल्या तीन. दोघींमध्ये जुनी यंत्रं आहेत, हा प्रोग्रॅमच नाही. तिसरीत आहे, पण तिथं तळघराचं बटण कुलपात आहे, खाली अडगळ भरलीये. काल फोन केला त्यांना, कुलूप काढू नका म्हणून सांगितलं. उद्या सकाळी ही जाऊन बदलून येईल." ही म्हणजे मी. मला तेव्हाच कळलं.

तपासनिसानं सही केली, शिक्का मारला, आणि लिफ्टनं खाली गेला. जिन्यानं नाही. हे मी नीट बघितलं.

मग मालक. ते आत्याकडे वळले. "बाई, तुम्ही गप्प बसला असतात तर मला कळलं पण नसतं."

"मला कळलं असतं ना."

"हं." कॉलर नीट केली. "मी विचार करत होतो, तक्रारींच्या फोनवर कोण बसणार."

माझ्या मुठी वळल्या. खरं सांगते, मालक असले तरी मी काहीतरी बोलणार होते.

"आणि?" आत्यानं विचारलं.

"बघतो कोणी मिळतंय का. तुम्ही आता टेबल सोडून उठणार नाही ना. आणि ती टेस्टची फळी बदला आधी. उण्याची बटणं लावा तिला."

आत्यानं पदर सोडला, परत खोचला. "किती लावू?"

"किती लावता?"

"पाच लावते. एकदाच काय ते."

मग ती कोपऱ्यात ठेवलेली बादली उचलायला गेली आणि तिथं बराच वेळ उगाच बादलीच पुसत बसली.

आता त्याला दीड वर्ष झालं. आत्याचं टेबल खिडकीपाशी आहे. दोन नवीन पोरं आलीत शिकायला, कॉलेज केलेली, आणि ती तिच्यापुढे चळाचळा कापतात. कोणी आकडा कोंबायला निघालं की ती ओरडत नाही, फक्त विचारते, "नाही मावला तर काय?" आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या खुर्चीमागून हलत नाही. दाढीवाल्याशी माझं बरं जमतं. मी त्याची माफी मागितली होती त्याच गुरुवारी, सगळ्यांसमोर, सोल्डरिंगवाल्या तिघांना मुद्दाम बोलावून, कारण झापलं पण सगळ्यांसमोर होतं. तो म्हणाला, "हं."

मला वाटलं होतं, बिचाऱ्याला पण तेव्हा माहीत नसेल ओळ कोणाची ते.

परवा आत्याला सहज विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं की प्रत्येक ओळ कोणी लिहिली आणि कधी, हे प्रोग्रॅममध्ये नोंदलेलं असतं, आणि बघायला दोन सेकंद लागतात. आत्यानं दोनशे चोपन्नचा घोळ त्याला कळवला होता, आणि मंगळवारी अकरा वाजता, मी शाफ्टमध्ये असताना, दाढीवाल्याचा तिला फोन आला होता. "मावशी, ओळ तुमच्या नावावर आहे," तो म्हणाला होता, "पण तेव्हा तपासून पुढं मीच पाठवली होती. मालकांना माझं नाव सांगतो." आत्यानं नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर तासाभरानं मी त्याच्या टेबलापाशी पोचले होते.